वस्तू जुनी केव्हा होते?

मनुष्य घराबाहेर पडताना बरोबर काय घेतो, यावरून त्याच्या काळाची ओळख पटते. महाराष्ट्रातील खेड्यांत एके काळी वृद्ध शेतकऱ्याजवळ पानतंबाखूची चंची असे आणि तिच्या कप्प्यांत पान, सुपारी, चुन्याची डबी व अडकित्ता यांच्या जागा ठरलेल्या असत. घरातील आजीच्या कमरेला बटवा असे. शहरातील कारकुनाच्या खिशाला शाईचे पेन, मनगटावर किल्लीचे घड्याळ आणि पावसाळ्यात हाती छत्री असे. या सर्व वस्तूंचे एक समान वैशिष्ट्य होते. त्या एकदा घेतल्या म्हणजे त्यांच्याविषयी पुन्हा विचार करावा लागत नसे. अडकित्त्याची धार गेली तर धार लावणारा, छत्रीची काडी मोडली तर छत्री दुरुस्त करणारा आणि घड्याळ मागे पडू लागले तर घड्याळजी गाठावा लागे, एवढेच. वस्तू झिजत असे. परंतु ती झिजली म्हणून कोणी तिला ‘मागच्या सालची’ म्हणत नसे.

आज घड्याळ, विजेरी, टिपणवही, कॅमेरा, नकाशा आणि पैशाचे पाकीट ही सर्व कामे एकच काचेचे यंत्र करते. इतक्या वस्तूंची जागा एका वस्तूने घेतल्यावर माणसाचे ओझे आणि खर्च कमी व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात मात्र या यंत्राभोवती नवेच गोतावळे जमले आहे. कानात घालावयाचे बिनतारी ध्वनिसाधन, मनगटावरचे दुसरे यंत्र, जादा वीज साठविणारी पेटी, त्या सर्वांचे चार्जर आणि ते सामावून घेणारी खास पाठपिशवी, असा हा परिवार आहे. चाकू, विजेरी, पाण्याची बाटली यांसारख्या साध्या वस्तूंच्याही दरवर्षी सुधारित आवृत्त्या निघतात. कालपर्यंत उत्तम चालणारी वस्तू आज अपुरी वाटू लागते. हा अपुरेपणा वस्तूत असतो की पाहणाऱ्याच्या नजरेत, आणि नजरेत असेल तर तो तेथे कोणी आणला, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

जुनेपणाचे तीन प्रकार

अमेरिकन लेखक व्हान्स पॅकार्ड यांनी १९६० साली ‘द वेस्ट मेकर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. वस्तू तीन प्रकारे कालबाह्य होते, अशी विभागणी त्यांनी त्यात केली होती. पहिला प्रकार कार्याचा होय. तेच काम अधिक चांगले करणारी वस्तू निघाली की पहिली मागे पडते. ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्हचा जड रेडिओ मागे पडला, तो असा. दुसरा प्रकार गुणवत्तेचा. वस्तूचा एखादा भाग ठरावीक काळानंतर निकामी होतो, आणि पुष्कळदा तो तसा व्हावा अशीच तिची घडण असते. तिसरा प्रकार आकर्षणाचा. वस्तू चालू असते, तिचे कामही बिघडलेले नसते; केवळ तिचे रूप जुने झाले आहे अशी समजूत तिच्या मालकाच्या मनात रुजविली जाते.

ही विभागणी साधी असली तरी तिचा उपयोग मोठा आहे. नवी वस्तू घेण्याची इच्छा झाली असता आपली जुनी वस्तू या तीनपैकी कोणत्या अर्थाने जुनी झाली आहे, हे ज्याला सांगता येते त्याचा निर्णय निम्मा झालेला असतो. पहिल्या प्रकारचा जुनेपणा मान्य करणे शहाणपणाचे असते. दुसऱ्यावर बहुधा दुरुस्ती हा उपाय असतो. तिसऱ्यावर मात्र कोणतीही खरेदी हा कायमचा उपाय होऊ शकत नाही. कारण नव्या वस्तूलाही लवकरच तोच रोग जडतो. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही मराठी म्हण नेमके हेच सांगते.

एका दिव्याची कथा

वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर मर्यादित केल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विजेच्या दिव्याचे आहे. १९२४ साली जिनीव्हा येथे जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ या नावाने एक संघ स्थापन केला. जर्मनीची ऑसराम, नेदरलँड्सची फिलिप्स, हंगेरीची तुंग्सराम यांच्यासह फ्रान्स, ब्रिटन व जपान येथील उत्पादक त्यात सामील होते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचा संबंध तिच्या परदेशी सहयोगी कंपन्यांमार्फत होता. बाजाराची वाटणी करणे हा संघाचा एक उद्देश होता. दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणणे हा दुसरा. त्यापूर्वी १५०० ते २००० तास जळणारे दिवे बाजारात मिळत असत. सदस्य कारखान्यांना आपल्या दिव्यांचे नमुने तपासणीसाठी पाठवावे लागत, आणि ज्यांचे दिवे ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक काळ टिकत त्यांना दंड भरावा लागे. अधिक टिकाऊ माल तयार केला म्हणून शिक्षा होण्याचा हा विलक्षण प्रकार दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत चालला.

तथापि या कथेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. दिव्यातील टंगस्टनची तार जितकी अधिक तापते तितका तेवढ्याच विजेत अधिक व शुभ्र प्रकाश मिळतो. परंतु तितक्याच लवकर ती तार झिजून तुटते. म्हणजे दीर्घ आयुष्य आणि अल्प वीजखर्च या दोन गोष्टी तारेच्या दिव्यात एकत्र नांदू शकत नाहीत. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशामक केंद्रात १९०१ पासून एक दिवा जळत आहे. त्याच्या दीर्घायुष्याचे सर्वत्र कौतुक होते. पण त्याचा प्रकाश रात्रीच्या मंद दिव्याइतकाच आहे. ब्रिटनमधील मक्तेदारीविषयक आयोगाने १९५१ साली या विषयाचा अहवाल दिला, तेव्हा सामान्य घरगुती दिव्यासाठी १००० तास ही तडजोड अवाजवी नाही, असेच मत त्याने नोंदविले.

मग दोष कोठे होता? तडजोड तांत्रिकदृष्ट्या योग्य असू शकते. परंतु ग्राहकाला दुसरा पर्यायच मिळू नये म्हणून सर्व उत्पादकांनी गुप्तपणे एक होणे आणि दंडाच्या धाकाने तो पर्याय नष्ट करणे हे योग्य नव्हते. अल्पायुषी वस्तू पाहिली की कटाचा संशय घेणे जसे चुकीचे, तसेच प्रत्येक अल्पायुष्याला विज्ञानाचा नियम समजून स्वस्थ बसणेही चुकीचे होय. प्रत्येक ठिकाणी कारण विचारले पाहिजे.

दर वर्षाचे नवे रूप

दिव्याच्या संघाने वस्तूचे आयुष्य कमी केले. मोटारीच्या धंद्याने त्याहून सोपा मार्ग शोधला. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ ते १९२७ पर्यंत तयार होत होती. या काळात सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्या. आरंभी ८५० डॉलर असलेली तिची किंमत पुढे ३०० डॉलरच्याही खाली आली. गाडी साधी, दणकट आणि शेतकऱ्यालाही दुरुस्त करता येईल अशी होती. फोर्ड यांची कल्पना अशी की, एकदा घेतलेली गाडी माणसाला शक्य तितका दीर्घकाळ पुरावी.

१९२३ साली जनरल मोटर्सची सूत्रे हाती घेणारे आल्फ्रेड स्लोन यांनी निराळा विचार केला. ज्यांच्याजवळ आधीच गाडी आहे त्यांना पुन्हा ग्राहक कसे करावयाचे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. यंत्रात फारसा फरक न करताही गाडीचे बाह्य रूप, रंग आणि सजावट दरवर्षी बदलली, तर शेजाऱ्याची नवी गाडी पाहून स्वतःची गाडी जुनी वाटू लागते, हे त्यांच्या कंपनीने ओळखले. १९२७ साली गाड्यांच्या रूपरचनेसाठी तेथे स्वतंत्र विभागच उघडण्यात आला. त्याच वर्षी फोर्ड यांना ‘मॉडेल टी’ बंद करावी लागली. टिकाऊपणाला रूपाने हरविले ते असे.

पुढे महामंदीच्या काळात, १९३२ साली, बर्नार्ड लंडन या न्यूयॉर्कमधील गृहस्थाने एक पुस्तिका काढली. प्रत्येक वस्तूचे आयुष्य सरकारने ठरवावे, ती मुदत संपताच वस्तू कायद्याने ‘मृत’ समजावी आणि त्यानंतरही ती वापरणाऱ्यावर कर बसवावा, अशी त्यांची योजना होती. कारखाने चालू राहावेत आणि बेकारांना काम मिळावे, हा तिचा हेतू. योजना कोणी अमलात आणली नाही. परंतु ‘नियोजित कालबाह्यता’ ही संज्ञा तिच्या शीर्षकातच होती. १९५४ साली ब्रुक्स स्टीव्हन्स या औद्योगिक रचनाकाराने ती पुन्हा प्रचारात आणली. गरज निर्माण होण्यापूर्वी थोडे आधीच, थोडे अधिक नवे आणि थोडे अधिक चांगले काही घेण्याची इच्छा ग्राहकाच्या मनात उत्पन्न करणे, असा तिचा अर्थ त्यांनी लावला. लंडन यांना जे काम कायद्याने करावयाचे होते ते स्टीव्हन्स यांच्या पिढीने इच्छेकडून करून घेतले. इच्छेचा अंमल कायद्याहून अधिक कडक असतो, कारण तिच्याविरुद्ध दाद मागण्यास न्यायालय नसते.

मनाचे साहाय्य

ही युक्ती सफल होते याचे कारण मानवी मन तिला साहाय्य करते. फ्रेंच विचारवंत देनी दिदरो यांनी १७६९ साली आपल्या जुन्या अंगरख्याविषयी एक मार्मिक निबंध लिहिला. त्यांना एक उंची तांबडा अंगरखा भेट मिळाला आणि जुना टाकून देण्यात आला. नव्या अंगरख्याच्या शेजारी खोलीतील गवती खुर्ची विजोड दिसू लागली. तिच्या जागी चामड्याची आली. मग भिंतीवरची चित्रे बदलली, मेज बदलले, आणि होता होता सगळी खोलीच पालटली. जुन्या अंगरख्याचे आपण मालक होतो, नव्याचे गुलाम झालो, असा त्यांच्या खेदाचा आशय होता. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ साली या अनुभवाला ‘दिदरो-परिणाम’ असे नाव दिले. नव्या फोनबरोबर नवे आवरण, नव्या आवरणाला शोभेल असे घड्याळ आणि सर्वांना एकत्र ठेवणारी नवी पिशवी घेणारा आजचा तरुण दिदरोंच्याच खोलीत उभा आहे.

दुसरे कारण सामाजिक आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले होते की, मनुष्य पुष्कळशा वस्तू उपयोगासाठी न घेता आपली पायरी इतरांना दिसावी म्हणून घेतो. कचेरीच्या मेजावर किंवा महाविद्यालयाच्या उपाहारगृहात फोन पालथा ठेवला तरी त्याच्या पाठीवरील भिंगांच्या संख्येवरून त्याची किंमत ओळखली जाते. येथे दडपण जाहिरातीचे नसून सोबत्यांच्या नजरेचे असते. ते अधिक सौम्य दिसते, म्हणूनच अधिक परिणामकारक ठरते.

खिशातील यंत्र

या पार्श्वभूमीवर मोबाइल फोनचा विचार केला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या बाबतीत जलद बदलाला दीर्घकाळ खरे कारण होते. एकाच चकतीवर मावणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे भाकीत गॉर्डन मूर यांनी १९६५ साली केले होते, आणि अनेक दशके ते खरे ठरले. फोनच्या पहिल्या वीस वर्षांत प्रत्येक नवा नमुना काहीतरी निश्चित अधिक करू शकत होता. पुढे दोन लागोपाठच्या नमुन्यांतील अंतर कमी होत गेले. त्यांच्या जाहिरातीचा वेग मात्र तसाच राहिला.

फोन बहुधा मरतो तो त्याच्या बॅटरीमुळे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या शोधासाठी २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे विद्युत्भारित कण दोन ध्रुवांमध्ये ये-जा करतात. प्रत्येक फेरीत काही कण पृष्ठभागावरील थरात कायमचे अडकून पडतात. त्यामुळे पाचशे ते आठशे पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेचा सुमारे चार-पंचमांश भागच उरतो. उष्णतेने ही झीज वाढते. भारतीय उन्हाळ्यात मोटारीच्या काचेमागे ठेवलेल्या फोनचे आयुष्य म्हणूनच लवकर सरते. ही झीज रसायनशास्त्राची आहे, कोणाच्या लबाडीची नव्हे. परंतु झिजलेला भाग बदलता येऊ नये अशी रचना करणे हा माणसाचा निर्णय होय. २००३ साली निघालेल्या ‘नोकिया ११००’ या फोनच्या पंचवीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. धुळीपासून संरक्षण असलेली कळफळी, डोक्यावर छोटी विजेरी आणि अंगठ्याने उघडणारे मागचे झाकण, अशी त्याची रचना होती. बॅटरी बदलण्यास अर्धे मिनिटही लागत नसे. पुढील काळातील बहुतेक फोन डिंकाने बंद केले गेले, आणि तेच काम कारागिराकडे गेले.

या संदर्भात एक घटना बोधप्रद आहे. बॅटरी जुनी झालेल्या आपल्या काही फोनांचा वेग नव्या आज्ञावलीने कमी केला जातो, असे अ‍ॅपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये यासाठी हे केले, असे तिचे स्पष्टीकरण होते. परंतु ही गोष्ट ग्राहकांना आधी सांगितली गेली नव्हती. फोन मंदावला म्हणजे तो म्हातारा झाला, असेच त्यांना वाटत राहिले. फ्रान्समधील ग्राहकसंरक्षण यंत्रणेने २०२० साली याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. दरम्यान कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला होता. जानेवारी २०१९ मध्ये तिच्या प्रमुखांनी भागधारकांना पत्र लिहून अपेक्षेहून कमी विक्रीची कारणे दिली, तेव्हा स्वस्तात मिळालेल्या बॅटऱ्यांचा त्यांत उल्लेख होता. एक लहानसा सुटा भाग वाजवी किमतीत मिळताच माणसे जुनी वस्तू आनंदाने वापरू लागतात, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

टाकलेल्या वस्तूचा प्रवास

घरातून गेलेली वस्तू जगातून जात नाही. २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने २०२४ साली निघालेल्या अहवालात नमूद आहे. त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रण झाल्याची नोंद आहे. भारत हा असा कचरा निर्माण करणाऱ्या जगातील पहिल्या काही देशांत मोडतो. दिल्लीतील सीलमपूरच्या गल्ल्यांत जुने संगणक व फोन हातांनी सुटे केले जातात. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे पितळकामासाठी नावाजलेले नगर; तेथे मंडलपट्ट्या जाळून अथवा आम्लात बुडवून त्यांतील धातू काढण्याचा धंदा वाढला. त्या धुरात शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असतात, आणि तो श्वासावाटे घेणारे लोक ती वस्तू विकत घेणारे क्वचितच असतात.

प्रवासाचे पहिले टोकही असेच आहे. बॅटरीतील कोबाल्टचा जगातील सुमारे सत्तर टक्के पुरवठा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून होतो आणि त्याचा काही भाग हातांनी खणलेल्या असुरक्षित खाणींतून येतो. फोनच्या संपूर्ण आयुष्यात वातावरणावर जो भार पडतो त्यातील बहुतांश भाग तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. रोज चार्ज करण्यास लागणारी वीज त्या मानाने अल्प असते. यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो. अशा वस्तूच्या बाबतीत सर्वांत उपकारक सुधारणा कोणती, तर असलेली वस्तू आणखी दोन वर्षे वापरणे.

अभावातील काटकसर आणि निवडीतील काटकसर

भारतात वस्तू जपून वापरण्याची परंपरा जुनी आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरे असले तरी त्या परंपरेत अभावाचा वाटा किती होता, हेही पाहिले पाहिजे. १९९१ पूर्वीच्या काळात ग्राहकाला निवडीस फारसा वाव नव्हता. अँबॅसेडर मोटार १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत थोड्याफार फरकाने तीच राहिली. स्कूटरसाठी आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. जे मिळत नाही ते बदलण्याचा मोह होत नाही. त्याला संयम म्हणता येणार नाही. स्पर्धेच्या अभावी वस्तू सुधारल्याही नाहीत, आणि त्याची किंमत ग्राहकानेच मोजली.

परंतु त्या काळाने एक मोलाची गोष्ट निर्माण केली, ती म्हणजे दुरुस्तीचे ज्ञान. हिंदुस्थान मशीन टूल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. तिचे ‘जनता’ हे किल्लीचे घड्याळ देशभर लग्नात जावयाला, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला आणि सेवानिवृत्त होणाऱ्या शिक्षकाला दिले जाई. लहान गावातील घड्याळजीदेखील ते उघडून, साफ करून, तेल घालून परत देऊ शके. २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. तरी तिची कित्येक घड्याळे आजही नातवांच्या मनगटावर चालू आहेत. दुरुस्तीचे हे ज्ञान नाहीसे झाले नाही, त्याने केवळ वस्तू बदलली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट आणि बंगळूरचा एस. पी. रोड येथील कारागीर भिंगाखाली बोटभर मंडलपट्टी धरून बसतात, तेव्हा ते त्याच घड्याळजीचे वारसदार असतात.

आजच्या ग्राहकापुढे वस्तूंची रेलचेल आहे आणि हप्त्यांची सोयही आहे. अशा स्थितीत जुनी वस्तू वापरीत राहणे ही प्रथमच खरी निवड झाली आहे. त्यामुळेच ती अधिक अवघड आहे, आणि तिला विचाराचा आधार हवा.

आग्रह कसा परतवावा?

पहिली पायरी हिशेबाची. समजा, एखाद्या कुटुंबात १८,००० रुपयांचा फोन दर दोन वर्षांनी बदलला जातो. दहा वर्षांत पाच फोनांचे ९०,००० रुपये होतात. तोच फोन पाच वर्षे वापरून मध्ये एकदा २,५०० रुपयांत बॅटरी बदलली, तर दहा वर्षांत दोन फोन व दोन बॅटऱ्या मिळून ४१,००० रुपये लागतात. फरक ४९,००० रुपयांचा, आणि तोही एका माणसामागे. चार माणसांच्या घरात ही रक्कम मुलीच्या शिक्षणाचे एखादे वर्ष किंवा अचानक आलेले आजारपण निभावून नेऊ शकते. ‘बिनव्याजी’ हप्त्यांनी या हिशेबात फरक पडत नाही. शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्टपणे कळविले होते. व्याज बहुधा किमतीत किंवा शुल्कात दडलेले असते.

दुसरी पायरी गरज क्रियापदात मांडण्याची. ‘नवी विजेरी हवी’ असे न म्हणता ‘रात्री शेतावर जाताना वीस पावलांपुढचे दिसावयास हवे’ असे म्हणावे. मग घरातील विजेरी ते काम करते की नाही, हे पाहता येते. करीत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर काय सुधारले पाहिजे तेही कळते. पुष्कळदा नव्या सेलांनी काम भागते. चाकूला धार, पिशवीला नवी चेन, घड्याळाला नवा पट्टा आणि फोनला नवी बॅटरी ही खरेदीपूर्वीची नित्याची परीक्षा असावी.

तिसरी पायरी विलंबाची. इच्छा झालेल्या वस्तूचे नाव व तारीख कागदावर लिहून महिनाभर थांबावे. सवलतीची मुदत संपत आली आहे, हा विक्रेत्याचा सर्वांत जुना युक्तिवाद आहे. पुढच्या सणाला तीच सवलत परत येते. महिन्यानंतर त्या कागदावरील पुष्कळ नावे आपोआप निरर्थक वाटतात. जी उरतात ती बहुधा खरी गरज असते, आणि ती भागविण्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी खरेदीच्या वेळची. वस्तू घ्यावयाचीच असेल तेव्हा तिचे सुटे भाग मिळतात का, ती स्क्रूने उघडते की डिंकाने बंद आहे, जवळच्या गावी तिचा कारागीर आहे का, आणि फोन असल्यास त्याला सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार आहेत, हे चार प्रश्न रंग व चकाकी यांच्या आधी विचारावेत.

मात्र काटकसरीचा हट्टही होऊ नये. ज्या फोनला सुरक्षेच्या सुधारणा मिळेनाशा झाल्या आहेत, त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नये; ती पेट घेऊ शकते. जुना तारेचा ६० वॉटचा दिवा जेवढा प्रकाश देई तेवढा एलईडी दिवा सुमारे ९ वॉटमध्ये देतो. येथे जुने टाकणे हीच काटकसर होय, आणि २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेमागे हाच विचार होता. कार्याचा जुनेपणा ओळखणे हे आकर्षणाचा जुनेपणा नाकारण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कायद्याचे पाठबळ

एकट्या ग्राहकाचा निश्चय पुरेसा नसतो. ज्या वस्तूचे सुटे भागच मिळत नाहीत ती कोणीही दुरुस्त करू शकत नाही. म्हणून अनेक देशांत कायदे होत आहेत. फ्रान्सने २०१५ साली वस्तूचे आयुष्य हेतुतः घटविणे हा गुन्हा ठरविला आणि २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघात जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनांसाठी, विक्री संपल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. भारतात केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि शेती-अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. शेती-अवजारांना या यादीत स्थान मिळाले, हे अर्थपूर्ण आहे. पेरणीच्या दिवसांत बंद पडलेला ट्रॅक्टर जवळच्या कारागिराला उघडता येतो की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते.

पेन्सिलीचा तुकडा

साताऱ्यात जन्मलेले आणि गुजरातीत लिहिणारे काका कालेलकर यांनी गांधीजींची एक आठवण सांगितली आहे. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले असता गांधीजी अस्वस्थ होऊन काही शोधीत होते. चौकशी करता कळले की, एक लहानशी पेन्सिल हरवली आहे. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली. गांधीजींना ती नको होती. हरवलेली पेन्सिल त्यांना मद्रासमध्ये नटेशन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिली होती. दोघांनी मिळून शोध केला, तेव्हा जेमतेम दोन इंचांचा तो तुकडा सापडला आणि गांधीजींचा जीव भांड्यात पडला.

या आठवणीचा अर्थ बहुधा स्नेहाच्या अंगाने लावला जातो, आणि तो बरोबरच आहे. परंतु तिच्यात आणखी एक साधी गोष्ट आहे. दोन इंचांची पेन्सिल दिसावयास जुनी असेल. लिहिण्यास मात्र ती जुनी झालेली नव्हती. वस्तू जुनी केव्हा होते, या प्रश्नाचे उत्तर त्या फरकात आहे. ती आपले काम करीनाशी होते आणि दुरुस्त होऊ शकत नाही, तेव्हा ती जुनी होते. त्याआधी जो तिला जुनी म्हणतो, त्याला बहुधा काहीतरी विकावयाचे असते.